अंगी न लागलेला भात

तोराझो घोड्यावर बसून घरी आला, तेव्हाच त्याची आई रिकू हातातलं काम टाकून दारात धावली.

तोचिसावा या डोंगरातल्या गावचे पुरुष दर वर्षी बर्फ पडायच्या आत खालच्या मुलखात उतरत. तिथं तांदळाची दारू करायच्या मोठमोठ्या वखारी होत्या. हिवाळाभर तिथं तांदूळ धुवायचा, वाफवायचा, मोठ्या पिंपांत घुसळायचा आणि बर्फ वितळायला लागलं की घाट चढून परत यायचं. सगळे चालत येत. चांगले आरडाओरडा करत, गळ्यात दारूची बुधली अडकवून येत. घोड्यावर यायचं ते सामान, नाहीतर मढं.

या खेपेला भाड्याच्या घोड्याच्या एका अंगाला पेंढ्यात बांधलेलं तांदळाचं पोतं होतं आणि वर तोराझो होता. घोडेवाल्यानं त्याला काखेत हात घालून उतरवलं. रिकू दारात उभी होती. तिनं पाहिलं, पोराच्या एका पायात गवताची चप्पल आहे आणि दुसरा पाय उघडा, निळा पडलेला.

"चप्पल कुठंय रे?"

तोराझोनं खाली वाकून पाहिलं. "असायला हवी. पडली वाटतं."

"पडली वाटतं? एवढ्या गारठ्यात पाय उघडा पडला आणि तुला कळलं नाही?"

तो चौकटीला धरून उभा राहिला. याच माणसानं गेल्या वर्षी जत्रेत देवळापुढचा दगड छातीपर्यंत उचलला होता.

त्याची बायको किने तबेल्यात शेण ओढत होती. त्या डोंगरात माणसं आणि घोडी एकाच छपराखाली राहत; चुलीपासून चार पावलांवर घोडीचं तोंड. किने हात पुसत आली. नवऱ्याला आत घेताना त्याचं वजन तिच्या खांद्यावर आलं, आणि ते नेहमीचं वजन नव्हतं. पखालीत पाणी हिंदकळावं तसं काहीतरी त्या पायांत होतं.

घोडेवाला पोतं आत टाकत म्हणाला, "हे वखारीच्या मालकानं दिलंय. म्हणाला, आजारी माणसाला डोंगरात भात कुठून मिळणार? बरा होईस्तोवर हेच खायला घाला म्हणावं."

रिकूनं पोत्यावर दोन्ही हात ठेवले. पेंढ्याच्या फटीतून दोन दाणे बाहेर आले होते. ते तिनं उचलून तळहातावर घेतले. मोत्यासारखे पांढरे, घासून घासून टोकं गेलेले.

"देवमाणूस आहे," ती म्हणाली.

तोचिसावात भात शिजे तो नवीन वर्षाला आणि कुणी मरायला टेकलं की. एरवी सावा, राळा आणि सातू. डोंगराचं थंड पाणी भाताला मानवत नसे. रशियाशी लढाई झाली तेव्हा गावची पोरं हसत पलटणीत गेली होती, कारण तिथं रोज भात मिळतो असं ऐकलं होतं. गावातल्या गेन्नोजोचा धाकटा भाऊ तिकडे गोळी न लागता पाय सुजून मेला. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की मरायच्या आधी बिचारा भात तरी खाऊन गेला.

संध्याकाळी रिकूनं स्वतःच्या हातानं भात रांधला. सुनेला हात लावू दिला नाही. झाकण उघडलं तेव्हा त्या धुरकट घरात वाफेचा असा वास पसरला, की घोडीनंही मान वळवली. तोराझोपुढे वाटी आली. सासू-सुनेनं स्वतःपुरता सावा आणि सातू एकत्र शिजवून त्यात मुळ्याचा वाळवलेला पाला घातला होता.

"वखारीत हाच," तोराझो म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती. "दिवसातून तीनदा. कालवण कोण मागतंय? मुळ्याचं लोणचं आणि भात. मी सहा-सहा वाट्या उडवायचो. मुकादम म्हणायचा, हा तोराझो एक पोतं उचलतो आणि एक पोतं खातो."

"मग झालं काय?" किनेनं विचारलं.

"ऐन थंडीत पाय जड झाले. मग मुंग्या. मग जिना चढवेना. खातोय तेवढंच, पण जोर कुठं जातो कळत नाही."

किनेनं त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. काढला तर ओल्या मातीत पडावा तसा खळगा राहिला. तो भरून यायची वाट बघत ती बसली. बराच वेळ तो भरला नाही.

"झाकून ठेव," रिकू म्हणाली. "बघायचं काय त्यात? चांगलं खाल्लं की जाईल."

तोराझोनं अर्धी वाटी ठेवली. भूक नव्हती. रिकूनं ती उरलेली अर्धी वाटी फडताळात ठेवली आणि सकाळी गरम करून पुन्हा त्याच्यापुढेच ठेवली.

गावच्या म्हाताऱ्या वैद्यानं येऊन डाग द्यायला वाळलेल्या पाल्याच्या गोळ्या त्याच्या गुडघ्याखाली ठेवल्या आणि उदबत्तीनं पेटवल्या. कातडी करपल्याचा वास आला. तोराझो छपराकडे बघत म्हणाला, "पेटवा की लवकर."

वैद्यानं रिकूकडे पाहिलं आणि सामान आवरायला लागला.

*

बर्फ ओढ्यांतून खाली गेलं आणि कामाची घाई उडाली. सावा पेरायच्या आधी हिवाळाभरचं शेण रानात न्यायचं, पसरायचं, कुदळीनं माती उलटायची. गावात एकमेकांच्या रानात पाळीनं राबायची रीत होती. आज माझ्याकडे चारजण, उद्या मी त्या चौघांकडे. तोराझोच्या घरून किने जाऊ लागली.

पाठीवरच्या पाटीतलं शेण ओलं असे, पाणी गळून कमरेपर्यंत येई. चढावरही ती थांबत नसे. पहाटे सातू-साव्याचा गोळा खाल्लेला असे, तो दोन खेपांत जिरून जाई. मग भूक खवळे, आणि दुसरा गोळा खाल्ला की अंगात पुन्हा ऊब येई. पुन्हा पाटी. सगळ्यांचंच तसं चाले.

कामाची पाळी लावणारा गेन्नोजो बांधावर बसून तिला म्हणाला, "तुझ्या रानात उद्या दोघं येतील."

"दोघं? मी चार घरी जाऊन आले की."

"बाईचा दिवस अर्धा. तोराझो आला असता तर चार आले असते."

"शेण मी गड्याएवढंच वाहिलं."

"शेण वाहा नाहीतर सोनं वाहा. रीत ती रीत." मग इतरांकडे बघून तो म्हणाला, "तोराझोला दिवस गेलेत वाटतं. घरात बसून मऊ भात खातोय म्हणे."

सगळे हसले. बायकाही हसल्या. किनेनं पाटी पाठीवर घेतली आणि उतरणीला लागली. आपण अर्धे दिवस दिले ते भरून काढायला आता दुप्पट दिवस जावे लागणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

घोडीसाठी कोंडा आणायला ती पाणचक्कीवर गेली, तिथं तिला तोयो म्हातारी भेटली. तोयो गावातली सगळ्यात गरीब. ओढ्याच्या काठी एक खोली, रान हातभर. तिचा मुलगा उसाकिची तोराझोबरोबरच वखारीत होता आणि त्याचेही पाय सुजले होते. पण तो नवा गडी, काम होईना म्हटल्यावर त्याला ऐन बर्फात परत पाठवलेलं. घाटातून येताना तो चार जागी पडला म्हणत. गावानं त्याला केव्हाच मेलेल्यांत धरलं होतं.

तो उसाकिची चक्कीच्या दारातून पोतं खांद्यावर घेऊन बाहेर आला.

किने बघतच राहिली. "तुझे पाय?"

त्यानं पोतं ठेवलं आणि विजार वर केली. काटकुळे, पण पाय होते. नडगीचं हाड दिसत होतं.

"काय औषध केलंत काकी?"

तोयो दात नसलेल्या तोंडानं हसली. "औषध? आमच्या घरात औषधालासुद्धा काही नसतं. सातू होते, ते घातले. सातू संपले तेव्हा कोंडा भाजून त्याचे मुटके. हा रडत रडत खायचा. म्हणायचा, आई, वखारीत कुत्र्याला याहून बरं घालतात. मी म्हटलं, मग जा कुत्र्याकडे."

उसाकिची ओशाळं हसला. "खरं सांगू वहिनी, तो भात पोटात दगडासारखा बसायचा. खायचो खूप, पण अंगी लागायचा नाही. हे खरबरीत खायला लागलो, आणि एक दिवस भूक लागली. खरीखुरी भूक. पायच मागायला लागले, आण म्हणून."

"कोंड्यानंच?"

"ते मला कुठलं कळायला? डोंगराच्या हवेनं असेल."

"हेही डोंगरातच आहेत की," किने म्हणाली.

"तोराझोदा कसे आहेत?"

ती कोंड्याची पिशवी बांधू लागली.

*

तिनं ते घरी बोलून पाहिलं. तोराझो झोपला होता, रिकू चुलीपाशी तांदूळ निवडत होती. निवडायला त्यात काही नव्हतंच, तरी ती रोज निवडत असे.

"आई, तोयोकाकींचा उसाकिची चालायला लागला."

"चांगलं झालं."

"सातू आणि कोंडा खाऊन, म्हणतात."

रिकूचे हात थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे... भातात थोडे सातू मिसळले तर—"

"तोयोच्या घरी कोंडाच आहे, म्हणून तिनं कोंडा घातला. माझ्या घरात तांदूळ आहे." रिकूचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर किनेला बरं वाटलं असतं. "माझ्या नवऱ्याला मरताना मी भात देऊ शकले नाही. शेजाऱ्याकडून मूठभर मागून आणला, तो शिजेस्तोवर ते गेले. आता देवानं पोतं पाठवलंय, आणि तू म्हणतेस पोराला घोडीचं खाणं घाल. तुला तांदूळ वाचवायचाय का?"

"नाही आई."

"मग गप बस."

किने गप बसली. पण दुसऱ्या दिवशी रिकू नेच्याचे कंद खणायला डोंगरावर गेली, तेव्हा तिनं ताजा कोंडा चाळून घेतला. खापरावर मंद आचेवर भाजला, उखळात वस्त्रगाळ होईस्तोवर कुटला. आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं कढण रोज व्हायचंच. ते तिनं दाट केलं आणि त्यात दोन पळ्या कोंडा घातला. रंग थोडा काळपट झाला. सातू शिजवलेलं पाणी तिनं त्यातच मुरवलं.

तोराझोनं घोट घेतला. "आज कढण चांगलंय."

"जुना मिसो काढला," ती म्हणाली.

मग ते रोजचं झालं. सासू डोंगरावर गेली की खापर चुलीवर. भात नेहमीचाच, रिकू वाढायची, तोराझो टाकायचा. कढण मात्र तो वाटी पुसून प्यायचा. किने रानातून आली की त्याची नडगी दाबून बघे. खळगा पडायचा, पण लवकर भरायचा. रात्री त्याला वरचेवर बाहेर जावं लागू लागलं, अंगातलं पाणी उतरत होतं. त्याचा चेहरा लहान झाला, डोळे पुन्हा मोठे दिसायला लागले.

सावा हाताच्या बोटाएवढा उगवून आला तेव्हाची गोष्ट. चुलीतून एक निखारा उडून त्याच्या पावलावर पडला, आणि तोराझो "अगं आई गं!" म्हणून ओरडत उभा राहिला. उभा राहिला आणि स्वतःच चकित होऊन बघत राहिला.

"भाजलं?" रिकूनं विचारलं.

"भाजलं! चांगलं भाजलं!"

रिकूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती त्या फोडावर फुंकर घालत होती आणि हसत होती. पायाला चटका बसला म्हणून त्या घरात त्या दिवशी सणासारखं झालं. तोराझो भिंतीला न धरता तबेल्यापर्यंत गेला आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

"बघ," रिकू सुनेला म्हणाली. "पाहिलंस ना? भात काय करतो ते?"

"हो आई."

सांगावं असं तिच्या ओठावर आलं होतं. पण सासू इतकी खूश कधी दिसली नव्हती. आणि तो चालतोय ना, मग कशानं का चालेना, असं तिनं मनाला सांगितलं. पुढं कधीतरी सांगू.

पोतं तळाला आलं होतं. रिकूनं हिवाळाभर विणलेलं तागाचं सगळं कापड गुंडाळलं, तिघांच्या उन्हाळी कपड्यांचं होतं ते, आणि घाटाखालच्या बाजारात जाऊन बदल्यात तांदूळ आणला. वाटेत दोनदा बसावं लागलं म्हणाली. त्या रात्री तिनं पोराला दोन वाट्या वाढल्या.

*

मग एक दिवस पाऊस लागला आणि रिकू डोंगरावरून अर्ध्या वाटेतून परत आली.

किने उखळापाशी होती. खापरावरचा कोंडा अजून गरम होता. रिकू दारात उभी राहून नाक फुलवून वास घेत होती. तिच्या गवती अंगरख्यातून पाणी ठिबकत होतं. तिनं उखळात बोट घातलं, चाटलं. मग कढणाचं झाकण काढलं आणि पळी ढवळून तळाचा गाळ वर आणला.

"कधीपासून?"

किनेनं मुसळ खाली ठेवलं.

"तोराझो!" रिकू ओरडली. "इकडे ये! तुझी बायको तुला काय खायला घालते बघ!"

तोराझो तबेल्यातून आला. कुठेही न धरता, आपल्या पायांनी आला.

"काय झालं?"

"कोंडा. घोडीचा कोंडा घालत होती तुझ्या कढणात."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "खरं?"

"तुम्ही चालताय ना," किने म्हणाली. "त्यानंच चालताय. उसाकिचीही—"

"उसाकिची?" त्याचा चेहरा लाल झाला. "त्या भिकारड्याच्या पंगतीला बसवलंस मला? मी पुढच्या वर्षी तिथं मुकादम होणार आहे, किने. मालकानं स्वतः पोतं दिलं मला. आणि तू घरात घोडीचं उरलंसुरलं घालतेस?"

त्यानं कढणाचं भांडं लाथेनं उलटलं. राखेत कढण सूंऽ करून शोषलं गेलं. लाथ चांगली जोरात बसली होती.

रिकू सुनेसमोर उकिडवी बसली. "आणि त्याच्या वाटचा तांदूळ कुठं जात होता?"

"कुठं नाही. तुम्हीच वाढत होता."

"मी डोंगरावर असताना कोण वाढत होतं? त्याला कोंडा, आणि तांदूळ तुझ्या पोटात. म्हणून शेण वाहायला जोर येतो तुला. तोंड उघड."

किनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो राखेकडे बघत होता.

"उघड म्हणते ना."

तिनं तोंड उघडलं. रिकूनं बोट आत घालून गालफड चाचपलं, दाढांच्या मागून फिरवलं. बोटाला साव्याची टरफलं लागली. तिनं ती उजेडात धरून पाहिली आणि परकराला पुसली.

"गिळला असेल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तांदळाला आणि चुलीला किनेनं हात लावायचा नाही असं ठरलं. ती रानातून येई, तिच्या वाटचा गोळा तबेल्याच्या बाजूच्या फळीवर ठेवलेला असे. तो खाऊन ती पुन्हा रानात जाई. तोराझोला कालवण नको, कढण नको, नुसता भात आणि लोणचं. कशात काही मिसळलं असेल असा त्याला संशय येई, म्हणून पांढऱ्याखेरीज तो कशालाच शिवत नसे.

पावसाळी उकाडा सुरू झाला आणि पाय पुन्हा भरले. या वेळी सूज मांड्यांपर्यंत चढली.

एकदा रिकू पाण्याला गेली असताना किने त्याच्याजवळ बसली. "नुसतं सातूचं पाणी घ्या. कोंडा नाही. शपथ घेते."

तो अंगावर कांबळं घेऊन भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास कोंडे. "किने," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "तू मला कोंडा घातलास हे गेन्नोजोला कळलं ना, तर सगळं गाव मला खरारा करायला येईल."

"येऊ दे. चालायला तर लागाल."

"मला बरं वाटलं ते भातानंच. आई म्हणते ते खरंय." थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्या दिवशी तिनं तुझ्या तोंडात बोट घातलं. मी काही बोललो नाही."

"जाऊ दे."

"बोलायला हवं होतं."

तिनं त्याच्या पावलावर हात ठेवला. हात तिथं आहे हे त्याला कळत नव्हतं.

*

साव्यात तण माजलं होतं. किने खुरपत होती. उजाडल्यापासून आभाळ खाली आलेलं, वारा नाही. शेजारची पोरगी बांधावरून हाका मारत आली तेव्हा किनेनं आधी ओळ पुरी केली आणि मग उठली. का ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही.

तोराझो बसूनही राहू शकत नव्हता आणि उभाही. गुडघ्यावर यायचा, पुन्हा कोसळायचा. अंगरख्याची गळपट्टी त्यानं फाडून काढली होती. उघड्या छातीत डावीकडे काळीज असं आपटत होतं, की कातडी वर उचलली जाताना दिसे. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. "वारा," तो म्हणत होता. "वारा घाला." ओठ जांभळे.

रिकू एका हातानं पंखा हलवत होती आणि दुसऱ्या हातानं भाताची पेज चमच्यानं त्याच्या तोंडाशी नेत होती. "घे राजा. एक घोट. जोर येईल. घे."

त्यानं घेतला. लगेच उलटला. तिनं पुसलं आणि पुन्हा चमचा भरला.

"आई, नका," किने म्हणाली. "त्यांना नको."

"मग काय देऊ?" रिकू एकदम तिच्याकडे वळली. "तूच सांग, काय देऊ?"

किनेनं पंखा तिच्या हातातून घेतला आणि जोरजोरानं वारा घालायला लागली. ती थकली तेव्हा दुपार टळली होती आणि वाऱ्याची गरज संपली होती. तोराझोच्या ओठांच्या कोपऱ्यात भाताचं एक शीत होतं. ते रिकूनं बाहीनं टिपलं.

रीतीप्रमाणे मढ्याच्या उशाशी ठेवायला वाटीत शीग लावून भात भरला, मधोमध जेवायच्या काड्या उभ्या केल्या. मढं बसवून पेटीत बांधलं. सूज इतकी होती की गुडघे दुमडायला चौघं लागले. खांदा द्यायला गेन्नोजो आला, चक्कीवाला आला, शेजारचा एक गडी आला, तरी एक माणूस कमी पडला. तेव्हा ओढ्याकडून उसाकिची धावत आला आणि मागच्या दांड्याखाली खांदा देऊन उभा राहिला.

मसणवाट चढाची. पावसानं निसरडी झालेली. रिकू पेटीच्या मागोमाग चालत होती, म्हणजे उसाकिचीच्या अगदी मागे. सगळी वाट तिच्या डोळ्यांसमोर त्याच्या पोटऱ्या होत्या. ओझ्यानं ताठ होणाऱ्या, चिखलात घट्ट रुतून पुन्हा वर येणाऱ्या. ती त्या पोटऱ्यांवरून नजर काढत नव्हती. एका वळणावर गेन्नोजो घसरला, पेटी कलली, आणि सगळा भार उसाकिचीवर आला. त्यानं तो तोलला.

"सावकाश," तो पुढच्यांना म्हणाला. "मी धरलंय."

परत आल्यावर लोकांनी खाल्लं. रिकूनं सगळ्यांना वाढलं. उसाकिचीपुढे आली तेव्हा वाढता वाढता तिचा हात थांबला. "तुझी आई बरी आहे ना?" एवढंच तिनं विचारलं.

"आहे की, काकी."

*

त्यानंतर रिकूनं खाणं सोडलं. सोडलं असं ती म्हणाली नाही. वाटी पुढे ठेवली की ठेव म्हणायची, आणि नंतर ती तशीच असायची. उरलेला तांदूळ तिनं उघडला नाही आणि कुणाला दिलाही नाही. चूल आपोआप किनेकडे आली. म्हातारी भिंतीला टेकून बसायची, जिथं तोराझो बसायचा तिथंच.

रान थांबत नव्हतं. किने एकटी खुरपायची. खुरपताना तिच्या दाताखाली एकच वाक्य असायचं: तुम्ही मारलंत त्यांना. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती ते घोळवत जायची. संध्याकाळी जाऊन तोंडावर फेकायचं, असं रोज ठरवायची. घरी गेली की म्हातारीच्या गळ्याची हाडं दिसायची आणि वाक्य तिथंच राहायचं.

एक दिवस ऊन पडलं होतं. किनेनं मान वर केली तर रिकू काठी टेकत बांधावरून येत होती. चार पावलं आणि विसावा, चार पावलं आणि विसावा. ओळीपाशी येऊन ती मातीतच बसली. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली.

"निखारा पडला होता त्याच्या पायावर," ती म्हणाली. "आठवतं?"

"हो."

"तेव्हा तू कोंडा घालायला लागली होतीस?"

किनेनं खुरपं खाली ठेवलं. आता ते वाक्य बोलायची वेळ होती. ती सासूकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस."

"म्हणजे भातानं नाही."

"नाही आई."

"मला तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं."

रिकूनं मान हलवली. पलीकडच्या रानात कुणीतरी घोड्याला हाकत होतं. म्हातारी रडली नाही. हातानं जवळचं एक तण चाचपून तिनं उपटायला पाहिलं; ते आलं नाही. पुन्हा ओढलं. बोटांत जोरच नव्हता, नुसती पानं तुटून हातात आली. ती त्या पानांकडे बघत बसली.

किनेनं झाडाखालचं गाठोडं आणलं. पानात बांधलेला सातू-साव्याचा गोळा होता, कोंडा लावून भाजलेला. तिनं तो मोडला आणि मोठा तुकडा सासूच्या हातात दिला.

"खा."

"नको."

"एवढं रान मला एकटीला उरकत नाही. खा."

रिकूनं तुकडा तोंडात घातला. दात थोडेच होते. ती या गालातून त्या गालात फिरवत, थांबत, पुन्हा चावत राहिली. घशाखाली उतरायला वेळ लागला. मग दुसरा घास. तिच्या कपाळावर घाम आला, गालांवर थोडा रंग आला. आपल्या वाटचं संपलं तेव्हा तिनं न बोलता हात पुढे केला. किनेनं आपल्यातला अर्धा तुकडा त्यावर ठेवला. तोही तिनं खाल्ला, आणि पानाला चिकटलेले कण बोटानं काढून खाल्ले.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

"उद्या घालते."

रिकूनं काठी बाजूला ठेवली, गुडघ्यांवर रांगत ओळीत आली आणि हाताला लागलं ते पहिलं तण धरलं.